दादाला शेडबाहेर ठेवलं तो पावसाळा

माझ्या थोरल्या भावाला चहाच्या पहिल्या घोटाबरोबर एक वाईट बातमी लागते. खरी नसली तरी चालते. पाऊस ओढ देऊ लागला की भात करपलं, आणि लागून राहिला की भात कुजलं. मुंबईहून मुलाचा फोन आला तर हॅलोच्या जागी "नोकरी गेली काय रे?" असं विचारतो. भाचा आता आईलाच फोन करतो, आणि तोही दादा आंघोळीला गेल्याचा अंदाज घेऊन. शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली. ही म्हण मी शाळेत कितीतरी वर्षं शिकवली. घरी आल्यावर तिचा अर्थ कळला.

मी लग्न केलं नाही. रत्नागिरीतल्या एका शाळेतून निवृत्त झाले आणि हातखंब्याच्या अलीकडे आमचं घर आहे तिथे राहायला आले. अर्धं घर दादा-वहिनीचं, अर्धं माझं. चूल वेगळी, पडवी मात्र एकच, आणि पडवीत दादाची खुर्ची. अशी माणसं मी स्टाफरूममध्ये पुष्कळ पाहिली होती. कुठल्याही सहलीला "बस उलटेल" म्हणणारी, कुठल्याही हुशार मुलीला "पुढे काय, लग्नच" म्हणणारी. पण स्टाफरूममध्ये एक मोठी सोय असते, तास बदलतो आणि घंटा होते. घरात घंटा नसते.

वहिनीने आपली सोय केव्हाच करून घेतलेली होती. दादाने सूर लावला की ती मिक्सर लावते. वाटायला काही असो नसो. एकदा मी आत जाऊन पाहिलं तर भांडं रिकामं आणि मिक्सर घरघरतोय. "खोबरं वाटतेय," ती शांतपणे म्हणाली. मी हसून बाहेर आले. तेव्हा मला ती गंमत वाटली होती.

निवृत्तीनंतर मी दापोलीला जाऊन कलमं बांधायला शिकले. हौस म्हणून गेले आणि वेडी होऊन परत आले. घराच्या कडेला हिरव्या जाळीची शेड उभी केली, पिशव्यांत माती भरली आणि दर पावसाळ्यात थोडी थोडी हापूसची कलमं बांधू लागले. कोय रुजवायची, तांबूस पानांचं कोवळं रोप वर आलं की त्याचा शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची आणि त्या चिरेत चांगल्या झाडाच्या काडीची पाचर बसवायची. वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. ऐकायला सोपं आहे. पण पाचर एका ओढीत उतरली पाहिजे, दोन्हीकडून सारखी. सुरी अडखळली तर काडी गेली. त्या क्षणी मनात दुसरं काही नको. मला त्या कामाचं हेच आवडलं. इतकी वर्षं चाळीस मुलांच्या कलकलाटात डोकं घालवल्यावर एका काडीपुरतं जग मला पुरत होतं.

आणि एक नियम असा की बांधलेलं कलम उघडून बघायचं नाही. आत जीव धरतोय की नाही हे कितीही जाणून घ्यावंसं वाटलं तरी पट्टीला हात लावायचा नाही. पट्टी सुटली की सांधा हलतो आणि धरलेलाही जीव जातो. काडीचा डोळा फुटून पालवी दिसेपर्यंत वाट बघायची, एवढंच आपल्या हाती.

आमच्या दारात, रस्त्याच्या अंगाला, एक रायवळ आंबा होता. चोखायचा आंबा, लहान, केसाळ, बाजारात कोणी विचारणार नाही असा. त्याला पिकल्यावर कापराचा वास यायचा, म्हणून आम्ही त्याला कापऱ्या म्हणायचो. कापराच्या वासाचे आंबे कोकणात आणखी आहेत, पण ह्याच्यासारखा मी खाल्लेला नाही, आणि माझं हे मत कोणी खोडून काढायला आलं तर मी ऐकणार नाही. आईने शेवटच्या आजारात सगळं खाणं सोडलं होतं, तेव्हा तिने ह्याची एक फोड तोंडात धरली होती. गिळली नाही, नुसती धरली. त्यानंतर तिने काही खाल्लं नाही. त्यामुळे ते झाड माझ्यासाठी नुसतं झाड नव्हतं, हे मी इथेच सांगून टाकते.

रस्ता रुंद होणार हे बरीच वर्षं ऐकत होतो. मग एका उन्हाळ्यात माणसं येऊन झाडांवर रंगाने खुणा करून गेली आणि कापऱ्यावरही खूण पडली. पाऊस जरा ओसरला की तोडणार, असं कळलं. म्हणजे मला एकच पावसाळा होता. काड्या झाड उभं आहे तोवरच मिळणार, कलमं पावसातच बांधायची, आणि ती जगली नाहीत तर पुढच्या वर्षी काडी आणायला झाडच नसणार. मी कोयी जास्त रुजवल्या. चांगल्या काड्या हेरून झाडावरच त्यांची पानं छाटली, डोळे फुगायला सोडले आणि दिवस बघून कापून ओल्या फडक्यात गुंडाळून शेडमध्ये आणल्या.

आणि मी सुरी हातात घेतली तेव्हा दादा आपली खुर्ची उचलून शेडमध्ये आला.

"रायवळावर मेहनत करतेस बाय," तो म्हणाला. "नाय व्हायचं."

"बघू."

"काडीच म्हातारी हाय ती. म्हाताऱ्या झाडाची काडी धरत नाय."

"धरते, दादा."

"धरेल. मंगे मरेल."

मी बांधत गेले आणि तो बोलत गेला. एखाद्या रोपाला मी पट्टी गुंडाळून बाजूला ठेवलं की तो वाकून बघायचा आणि म्हणायचा, "मेला हा." दुसरं ठेवलं की, "हा पण मेला." ओरडून नाही, चिडून नाही, अगदी सहज, हजेरी घ्यावी तसं. माझी सुरी घसरली ती ह्याच सुमारास. काडी अर्ध्यात फुटली आणि बोटाला लागलं. "सांगितलं ना?" दादा म्हणाला. पण लगबगीने उठला, हळद आणली, माझं बोट आपल्या हाताने बांधलं. बोट बांधून झाल्यावर तो म्हणाला, "पिकणार बघ हे."

मी त्याच्यापासून वाचायचे सगळे उपाय केले. पहाटे तो उठायच्या आत कामाला बसले, तर तोही लवकर उठू लागला. रेडिओ लावला, तर तो रेडिओपेक्षा मोठ्याने बोलू लागला. नुसतं "हो, हो" म्हणत राहिले, तर त्याला हुरूप आला. वहिनीने माझ्याकडे बघून भुवई उडवली, तिचा मिक्सर इतक्या लांब आणता येण्यासारखा नव्हता. कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही, असं मी मनाशी म्हणत राहिले. पण गाईला कावळ्याचं बोलणं समजत नाही, आणि मला दादाचं समजत होतं, ही त्यातली गोम होती.

कलमं बांधून झाली. आता थांबायचं होतं. आणि मला थांबवेना. बघता बघता माझ्या नजरेला काड्या काळ्या दिसायला लागल्या. उन्हात नेऊन पाहिल्या की हिरव्या, शेडमध्ये आणल्या की काळ्या. दादाचं "मेला" आता तो बाहेर असतानाही ऐकू यायचं. एका सकाळी मी वाकून बघत होते आणि कोणीतरी मागून म्हटल्यासारखं वाटलं, "हा तर कधीच गेला." मागे कोणी नव्हतं. मी ते रोप उचललं आणि पट्टी सोडली.

आत हिरवं होतं. सांधा धरत आला होता, पांढरट चिकट, अगदी हवा तसा. माझ्या बोटांनी काडी हलली आणि निघून हातात आली.

मी तिथेच मातीत बसले. इतरांना "उघडू नका" म्हणून दरडावणारी मी. रडू आलं नाही, संताप आला. तशीच ती काडी घेऊन पडवीत गेले आणि दादाच्या पुढ्यात धरली. "आजपासून तू शेडमध्ये पाऊल टाकायचं नाहीस," मी म्हटलं. "त्या कलमांबद्दल माझ्यासमोर एक शब्द काढायचा नाहीस. चांगला नाही आणि वाईट नाही. मला ही जगवायची आहेत, आणि तू असताना माझ्याच्याने नाही होत."

वाटलं होतं, भांडेल. मी तयारीनेच गेले होते. तो नुसता काडीकडे बघत राहिला आणि मान हलवली. मग उठून शेडमधली आपली खुर्ची आणायला गेला. जाळीच्या दाराशी थांबला, आत गेला नाही, मला म्हणाला, "तूच दे ती बाहेर."

त्यानंतर घरात शांतता झाली. मला हवी होती तीच, आणि ती मला सोसेना. दादा चहा घ्यायचा आणि गप्प बसायचा. पावसाबद्दल नाही, भाताबद्दल नाही. वहिनीचा मिक्सर वाटायला असेल तेव्हाच लागायचा. शेडमध्ये मी, पिशव्या आणि जाळीवरून पडणारं पाणी. तिथे मात्र दादा नसूनही होता. मी एकेका रोपापाशी गेले की त्याचा शब्द आधी यायचा. कधी खोकलाही ऐकू यायचा आणि मी चमकून वळायचे. आवाज दाराबाहेर ठेवता येतो अशी माझी समजूत होती. माणूस बाहेर राहिला. आवाजाला कुणी सांगितलंच नव्हतं.

गणपती होऊन गेले, पाऊस जरा उघडला, आणि झाड तोडायला माणसं आली. मी शेडमध्येच थांबले. करवतीचा आवाज थांबला, मग एक मोठा, लांबलेला कडकडाट झाला, आणि शेडमध्ये उजेड आला. तो उजेड मी आयुष्यात कधी पाहिला नव्हता. घराच्या त्या बाजूला जन्मापासून सावली होती. दुपारी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरही ऊन आलं, आणि वहिनी त्या उन्हाकडे पाठ करून जेवली.

दादा दिवसभर पडवीत होता. झाड पडलं तेव्हाही. संध्याकाळी बघितलं तर खुर्ची त्याने रिकाम्या जागेकडे वळवून घेतली होती.

वहिनी त्या संध्याकाळी माझ्याकडे आली. तशी ती क्वचितच येते, अर्ध्या घरातून अर्ध्या घरात. बसली, पदराने गुडघा पुसल्यासारखं केलं, आणि म्हणाली, "वन्सं, तुमी त्यांना बोलायचं बंद केलंत."

"शेडमध्ये फक्त."

"ते सगळीकडेच बंद झालंय." ती म्हणाली. "ते जेवत नाहीत. म्हणतात, आता कोण सांभाळणार?"

"काय सांभाळणार?"

मग तिने सांगितलं. त्यांची पहिली दोन मुलं गेली हे मला माहीत होतं. मी तेव्हा बाहेर शिकायला होते, पत्रातून कळलं होतं, आणि मग घरात कोणी त्याबद्दल बोललं नाही. मला माहीत नव्हतं ते हे, की त्या दोन्ही वेळी दादा सगळ्या वाडीला मुलगा होणार म्हणून आधीच सांगत सुटला होता. पाळणा आणून टांगला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून "माझा झील बघाल तुम्ही, काय होतो तो" म्हणायचा. हसरा, बडबड्या माणूस होता तेव्हा. तिसऱ्या खेपेला वाडीतल्या एका म्हातारीने त्याला बाजूला घेऊन सांगितलं की तुझ्या जिभेला नजर आहे, तू चांगलं म्हणतोस आणि ते उचललं जातं. पोरं जगत नसली की आपल्याकडे जगलेल्याला दगड, केर असलं नाव ठेवतात, मरणाला वाटावं ह्यात न्यायचं काय. दादाने नाव तेवढं बरं ठेवलं, पण मूल हातात घेतलं की म्हणायचा, "मेलेलाच आहे हा, काय बघता." सगळ्यांसमोर म्हणायचा. वहिनी बाळंतिणीच्या खोलीत कानावर उशी दाबून पडून राहायची.

"आणि तो जगला," वहिनी म्हणाली. "मंगे कसे थांबणार ते?"

मी तिच्यापुढे पाण्याचं भांडं ठेवलं.

"तुमच्या त्या कलमांनाही तेच म्हणत होते ते. पहाटे उठून जायचे ना तुमच्यामागून? एक राहून जाईल म्हणून जायचे. सगळ्यांना म्हणून झालं पाहिजे म्हणून."

ती उठली आणि दारात वळून म्हणाली, "मला कळतं हो सगळं. तरी मी मिक्सर लावते. कळलं म्हणून ऐकवतं असं नाय."

ह्याहून खरं वाक्य मला कोणी सांगितलेलं नाही. मला दादाची दया आली, आणि तरी त्याला परत शेडमध्ये ये म्हणायची माझी छाती झाली नाही. मी सुरीचं काम करते. माझ्या हाताला शांतता लागते. त्याची भीती त्याची, मी ती हातात घेतली तर काडी फुटेल, हे मला बोटाच्या जखमेइतकं स्पष्ट होतं. मी दार बंदच ठेवलं. फक्त आता ते बंद करताना मला बाहेरचा माणूस दिसायचा.

मग काड्या एकेक करून खरंच काळ्या पडू लागल्या. ह्यावेळी उन्हात नेल्या तरी काळ्याच. मी त्या उचलून कडेला ठेवायचे. रायवळाची काडी, उशिरा बांधलेली, पावसाची झड, कारणं मला येत होती. एकेक कारण मी स्वतःला नीट समजावून द्यायचे, वर्गात द्यावं तसं, आणि वर्गातला एक मुलगा मागच्या बाकावरून म्हणायचा, दादाने त्यांना मेला म्हणायचं थांबवलं ना, म्हणून. दिवसेंदिवस तो मुलगा मोठ्याने बोलायला लागला. मी एवढी शिकलेली बाई. एकदा तर पडवीपर्यंत गेले, दादाला बोलवायला. तो डोळे मिटून बसला होता. मी तशीच परतले.

एका सकाळी शेडच्या कोपऱ्यात, जिथे पाणी गळतं म्हणून मी फारशी जात नाही, तिथे एका काडीच्या टोकाला तांबडं काही दिसलं. मला वाटलं किडा आहे. वाकून बघितलं. पान होतं. नखाएवढं, ओलं, तांब्याच्या रंगाचं. त्याच्या शेजारच्या पिशवीतही डोळा फुटून वर आला होता, आणि पलीकडेही एक. मी हात लावला नाही. श्वासही जपून घेतला. आई, मी म्हटलं, आणि मला हुंदका आला.

तशीच बाहेर पळत आले, चिखलाचे पाय घेऊन पडवीत चढले. दादा खुर्चीत होता. मला असं धावत येताना बघून तो अर्धा उठला. खुर्चीचा हात त्याने घट्ट धरला होता.

"काय झालं?" तो म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने त्या विषयाला तोंड फोडलं होतं. आणि मी उत्तर द्यायच्या आत, घाईघाईने, विनवल्यासारखं, "मेली ना गो बाय? मेली ना सगळी?"

माझ्या ओठांवर "जगली" आलं होतं. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. म्हातारा माणूस माझ्यापुढे जिवाच्या आकांताने उभा होता आणि त्याला माझ्याकडून एकच शब्द हवा होता.

"हो," मी म्हटलं. "सगळी मेली, दादा."

तो खाली बसला. डोळे भरून आले त्याचे. "वाटलंच मला," तो म्हणाला, आणि हळूच हसला, आणि आत बघून वहिनीला हाक मारली, "चहा टाक गो, बायला पण." आत मिक्सर लागला नाही. आम्ही दोघांनी चहा घेतला. त्याने मला सांगितलं की यंदा भाताचं काही खरं नाही.

चहा घेऊन मी शेडमध्ये परत गेले. दार लावून घेतलं. आजूबाजूला कोणी नव्हतं, ऐकणारं कोणी नव्हतं. ती पानं माझ्यापुढे होती, तिन्ही, आणि मला त्यांना एकदा तरी मोठ्याने म्हणायचं होतं की जगलात रे. एवढंच. इतक्या महिन्यांचं माझं एवढंच मागणं होतं.

मी तोंड उघडलं आणि माझी जीभ उचलली नाही.

ती कलमं आता गुडघ्यापर्यंत आली आहेत. कोणी चौकशी केली तर मी विषय बदलते. मी अजून त्यांना ते म्हटलेलं नाही.